फरशीचा दगड निवडायचाय? आधी नमुन्याचा छळ करा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर, उभं राहायच्या बरोबर जागी, पांढऱ्या संगमरवरावर लिंबाच्या फोडीएवढा एक निस्तेज गोल आहे. वरून बघितलं तर दिसत नाही. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की बाकीची फरशी चकाकते आणि तेवढा गोल मंद राहतो. चिरलेलं लिंबू रात्री ओट्यावरून घरंगळलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, सकाळपर्यंत तिथेच पालथं पडून होतं. साबण झाला, सोडा झाला, गरम पाणी झालं. पुसून निघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. लिंबाने दगडाचा वरचा पापुद्रा खाल्ला होता.

यात संगमरवराचा दोष शून्य. तो आपल्या जातीला साजेसा वागला. चूक आमची. दुकानात उभी केलेली लादी बघितली, तिच्या शिरांवर भुललो, घेतली, आणि मग ती कुठे कुठे लावायची ते ठरवलं. पहिल्यांदाच दगडाची फरशी घेणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा म्हणून हे लिहितोय. रंग या क्रमात बराच उशिरा येतो, त्याला माझा इलाज नाही.

पायरी १: खोलीचं टिपण

घराचा ढोबळ नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खोलीत लिहा: पाणी कुठे सांडतं, वाळू कुठून येते, आंबट किंवा तेलकट काय पडू शकतं, अनवाणी कोण चालतं, ऊन कुठपर्यंत येतं. घरात म्हातारी माणसं किंवा रांगतं मूल असेल तर तेही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढे दुकानदार बोलायला लागला की हाच कागद तुम्हाला ठिकाणावर ठेवतो.

वाळूचं महत्त्व नवख्यांना पटत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. खनिजांचा कठीणपणा मोहस् मोजपट्टीवर १ ते १० असा मोजतात. १ म्हणजे संगजिरं, १० म्हणजे हिरा. संगमरवर ३ च्या आसपास येतो, सुरीचं पातं साधारण साडेपाच, आणि गारगोटी ७. बहुतेक ठिकाणच्या वाळूत गारगोटीचेच कण जास्त असतात. म्हणजे चपलेखाली अडकून आलेला वाळूचा कण संगमरवरावरून जातो, तो काचेवर हिरकणी फिरावी तसा. एका ओरखड्याने काही होत नाही. पण दोन-तीन वर्षांत दारापासून सोफ्यापर्यंत एक मळकट पायवाट उमटते आणि कितीही पुसलं तरी ती उजळत नाही, कारण तिथलं पॉलिशच उडालेलं असतं. बाहेरून आत येतानाची पहिली आठ-दहा पावलं जिथे पडतात, तिथे मऊ दगड आणि चकचकीत पॉलिश या दोन गोष्टी एकत्र आणू नका. आणायच्याच असतील तर दाराच्या आत-बाहेर चांगलं लांबरुंद पायपुसणं टाका आणि ते रोज झटका.

पायरी २: दगडाचं घराणं ओळखा

दुकानातली नावं क्षणभर बाजूला ठेवा. व्यापारात ‘ग्रॅनाइट’ म्हणजे कठीण आणि पॉलिश टिकवणारा कोणताही दगड. काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो भूशास्त्रात बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट निघतो. फरशीला तो उत्तमच आहे, फक्त नावावर विसंबू नये एवढंच. ‘मार्बल’ हे नाव तर पॉलिश घेणाऱ्या अर्ध्या दगडांना लावतात. घरात राहणाऱ्याच्या उपयोगाचा भेद एकच: दगड चुन्याच्या घराण्यातला आहे की सिलिकेटच्या, म्हणजे गारगोटीसारख्या खनिजांच्या.

चुन्याच्या घराण्यात संगमरवर, चुनखडक, ट्रॅव्हर्टाइन आणि ऑनिक्स येतात. यांचं मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की ते विरघळू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिंबू, व्हिनेगर, फळांचे रस, बाथरूम साफ करायची आम्लं, सगळ्यांशी याचं वाकडं. मकराना असो की इटलीतला कॅरारा, पांढरा संगमरवर कितीही नावाजलेला असला तरी यातून सुटका नाही. कोटा, शहाबादी, कडप्पा या ‘रांगड्या’ समजल्या जाणाऱ्या फरश्यासुद्धा चुनखडकच आहेत, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. त्या टिकाऊ वाटतात त्याची कारणं वेगळी: एक तर त्यांचा दाणा बारीक आणि घट्ट असतो, कोट्यात सिलिकेचाही अंश असतो, आणि मुख्य म्हणजे आपण त्यांच्याकडून आरशासारख्या चकाकीची अपेक्षाच करत नाही. चट्टा पडतो, पण खुपत नाही. या मनोवृत्तीला मी फार किंमत देतो. मंद पृष्ठभागाचा चुनखडक हा नवख्या माणसासाठी बऱ्याचदा सगळ्यात शहाणा पर्याय असतो.

ट्रॅव्हर्टाइन झऱ्यांच्या पाण्यातून थर साचून बनतो, म्हणून त्यात जन्मतःच भोकं असतात. रोमचं कोलोसियम याच दगडाचं. फरशीसाठी ही भोकं सिमेंटने किंवा रेझिनने भरून देतात. वापरात त्यातली काही पुन्हा उघडतात आणि त्यात मळ बसतो. ते सौंदर्य म्हणून चालत असेल तर घ्या. ऑनिक्स भिंतीवर शोभतो, जमिनीवर नको.

सिलिकेटच्या घराण्यात ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट (गारगोटीचा नैसर्गिक दगड), वालुकाश्म, बेसाल्ट म्हणजे आपला काळवत्री, आणि पाटीचा दगड. आम्लाची यांना बहुतांशी फिकीर नसते. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार (कठीणपणा ६) आणि गारगोटी (७) असते, त्यामुळे वाळू त्याला सहजासहजी ओरबाडत नाही. वालुकाश्माचं मात्र दुटप्पी काम. त्याचे कण कठीण, पण कणांना धरून ठेवणारा डिंक कच्चा असेल तर ते झडतात, आणि तहान तर अशी की तेल पडलं की गेलं खोल. पाटीचा दगड चिखल दाबला जाऊन बनलेला, म्हणून तो पापुद्र्यांत सुटतो. चांगल्या प्रतीचा वर्षानुवर्षं टिकतो, हलक्या प्रतीचे टवके निघत राहतात.

हिरव्या मार्बलबद्दल एक इशारा. हिरवा मार्बल म्हणून विकला जाणारा बराचसा दगड सर्पेंटाइनचा असतो. त्याच्या पातळ फरश्या पाण्याने ओल्या होऊन वाकतात, सिमेंटवर बसवल्या तर कडा उचलतात. तो इपॉक्सीनेच, म्हणजे पाणी नसलेल्या रेझिनच्या गोंदानेच बसवावा लागतो. मिस्त्रीला हे माहीत नसेल तर मिस्त्री बदला किंवा दगड बदला. आणि ‘क्वार्ट्झ’ व ‘क्वार्ट्झाइट’ यांत गल्लत करू नका. क्वार्ट्झच्या नावाने मिळणाऱ्या लाद्या कारखान्यात गारगोटीचा चुरा आणि रेझिन दाबून बनवतात; या लेखाचा तो विषयच नाही.

दगड पाणी किती पितो याचेही आकडे असतात. अमेरिकेच्या एएसटीएम मानकांत संगमरवरासाठी वजनाच्या ०.२० टक्के आणि ग्रॅनाइटसाठी ०.४० टक्के अशी कमाल मर्यादा आहे. चुनखडकाच्या मात्र तीन प्रती आहेत आणि त्यांच्या मर्यादा ३, ७.५ आणि १२ टक्के! नुसतं ‘लाइमस्टोन’ म्हटल्याने काहीच कळत नाही ते यामुळे. मोठी खरेदी असेल तर चाचणीचा अहवाल मागा. नसेल तर पुढची पायरी मन लावून करा.

पायरी ३: नमुन्याचा छळ

दुकानात टेकवून ठेवलेल्या चार इंची तुकड्यावरून फरशी ठरवणं म्हणजे नखावरून माणूस ओळखणं. निदान एक फूट लांबीचे दोन तुकडे मागा, एक पॉलिश केलेला, एक मंद. विकत घ्यावे लागले तर घ्या. घरी आणून आठवडाभर जमिनीवर, दारापाशी ठेवा. त्यावरून सगळ्यांना चालू द्या. सकाळच्या उजेडात, दिव्यात, ओला, कोरडा बघा. दुकानात डोक्यावर झगझगीत दिवे असतात आणि लादी उभी असते. घरी ती आडवी असते आणि उजेड बाजूने येतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

मग छळ सुरू.

पाणी: कोरड्या तुकड्यावर चमचाभर पाणी ओता आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत पुसल्यावर तिथे गडद डाग दिसला तर दगड तहानलेला आहे. अर्ध्या तासानंतरही रंग बदलला नाही तर त्याला सीलरची, म्हणजे डाग अडवायला लावतात त्या द्रवाची, फारशी गरजच नाही. दुसऱ्या कोपऱ्यात तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. पाण्याचा डाग सुकून जातो. तेलाचा राहिला तर स्वयंपाकघराच्या रकान्यात फुली मारा.

आंबट: अर्धं लिंबू दहा मिनिटं पालथं ठेवा, पुसा, आणि तुकडा खिडकीजवळ नेऊन डोळ्याच्या पातळीवर तिरपा धरा. आता हळूहळू वळवा. उजेडाची चकाकी पृष्ठभागावरून सरकत जाते आणि एका ठिकाणी अडखळते. अडखळली तिथे चट्टा. हाच प्रयोग मंद तुकड्यावर करा. तिथेही दगड तेवढाच खाल्ला गेलेला असतो, पण तो शोधावा लागतो.

इथे एक शब्दभेद पक्का करून टाका, कारण विकणारे तो मुद्दाम पुसट ठेवतात. डाग म्हणजे दगडाने काहीतरी पिणं. चट्टा म्हणजे दगडाचा पृष्ठभाग विरघळणं. सीलर डागाला अडवतो. चट्ट्यापुढे तो हतबल असतो. ‘सीलर मारला की संगमरवराला लिंबाचं भय नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर हा प्रयोग करून दाखवा.

ओरखडा: सुरीचं टोक कडेजवळ दाबून ओढा. संगमरवरावर पांढरी चर पडते. खऱ्या ग्रॅनाइट-क्वार्ट्झाइटवर पातंच झिजून करडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते. ‘क्वार्ट्झाइट’ म्हणून महागात विकला जाणारा दगड प्रत्यक्षात संगमरवर असल्याचे प्रकार होतात. त्याचा कोपरा काचेच्या रिकाम्या बाटलीवर घासा. क्वार्ट्झाइट काच कापतो, संगमरवर नुसता घसरतो.

रंग: काळ्याभोर दगडावर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा पांढरा कपडा घासा. कपडा काळा झाला तर दगडाला रंग किंवा मेण चोळलेलं आहे, वर्षभरात तो करडा पडेल.

शेवटी तुकडा अधांतरी धरून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजायला हवा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. पाटीच्या दगडाला ही परीक्षा विशेष लागू.

पायरी ४: पृष्ठभाग

एकच दगड वेगवेगळ्या पृष्ठभागांत वेगळा वागतो. आरसा पॉलिश रंग खोल करतं, पुसायला सोपं, पण ओलं झालं की घसरतं आणि चट्टे-ओरखडे उघडे पाडतं. होन केलेला, म्हणजे घासून सपाट पण मंद ठेवलेला पृष्ठभाग राहत्या घराला माझ्या मते सगळ्यात योग्य. लेदर फिनिशमध्ये हलके उंचसखल उठाव असतात; हाताला छान लागतं, पण खोलगट भागांत धूळ बसते, पुसणाऱ्याला विचारून घ्या. ज्वालेने भाजलेला पृष्ठभाग ग्रॅनाइटचा असतो. उष्णतेने गारगोटी फुगते, वरचा थर तडकून उडतो आणि खरखरीत फरशी तयार होते. अंगण, गच्ची, पायऱ्या यांना ती झकास. संगमरवराला हा प्रकार करत नाहीत.

घसरण मोजायची जर्मन पद्धत मजेशीर आहे. तेल टाकलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालतो आणि तो घसरेपर्यंत उतार वाढवत नेतात. त्यावरून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरतात. अनवाणी पायांसाठी साबणाचं पाणी वापरून ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी आहे. न्हाणीघरासाठी तिच्यातला निदान बी मागा. असे आकडे न मिळाल्यास ओल्या नमुन्यावर अनवाणी उभं राहून टाच फिरवा. शंका आली तर ते उत्तरच समजा. ओल्या जागेत लहान फरश्या घेतल्या तर जास्तीचे सांधे पायाला पकड देतात आणि नळीकडे ढाळ काढणंही सोपं जातं. ढाळ मीटरला १ ते २ सेंटिमीटर हवा.

दगड थंड लागतो ही तक्रारही इथेच निकालात काढू. खोलीत लाकूड आणि दगड एकाच तापमानाला असतात. दगड लाकडापेक्षा कितीतरी वेगाने पायातली ऊब ओढून घेतो, म्हणून गार वाटतो. याच गुणामुळे जमिनीखालून तापवण्याची सोय असेल तिथे दगड उत्तम चालतो.

पायरी ५: जाडी, वजन, उंची

दगडाची घनता साधारण पाण्याच्या २.७ पट. म्हणजे १८ मिलिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला जवळपास ४९ किलो भरते. खाली ४० मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा थर असेल तर आणखी ८० किलो. चार बाय तीन मीटरच्या खोलीत हे दीड टनाच्या वर जातं. जुनं घर, लाकडी तक्तपोशी किंवा जुन्या फरशीवरच नवी बसवायचा बेत असेल तर हा आकडा घेऊन आधी स्थापत्य अभियंत्याकडे जा. मिस्त्रीच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

उंचीचा हिशेब लोक विसरतात आणि मग दारं खालून तासायची वेळ येते. थर अधिक फरशी किती होते ते मोजा, दार उघडून त्याखाली तेवढ्या जाडीची फळी सरकते का बघा. बाल्कनी आणि न्हाणीघराची पातळी आतल्या खोलीपेक्षा खालीच राहिली पाहिजे.

पायरी ६: माल बघून घेणं

खाणीतला दगड दर ठोकळ्याला बदलतो. म्हणून आवडलेल्या नमुन्याची ऑर्डर देऊन घरी वाट बघत बसू नका. जो लॉट तुमच्या घरी येणार आहे तोच बघा, आठ-दहा फरश्या जमिनीवर पसरून, दिवसाच्या उजेडात. फोटोवर व्यवहार नको. सगळा माल एकाच लॉटमधून, एकाच वेळी उचला.

फरशी उलटी करा. पाठीवर जाळी चिकटवलेली असेल तर दगड नाजूक आहे, त्याला रेझिनचा आधार दिलाय. ही फसवणूक नव्हे, अनेक सुंदर संगमरवरांना तो लागतोच. पण मग खालचं केमिकल (फरशी चिकटवायचा तयार गोंद) दगडाला न चिकटता त्या रेझिनला चिकटणार, तेव्हा कोणतं वापरायचं ते विचारून ठेवा. पुढच्या बाजूला तिरप्या उजेडात रेझिनने बुजवलेल्या चिरा दिसतात. चार-दोन चालतील; कोपऱ्यातून आरपार गेलेली चीर असेल ती फरशी बाजूला काढा.

टेप सोबत न्या. पाच फरश्यांचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर फरशी काटकोनात नाही. जाडी चारही कोपऱ्यांत बघा. पातळ केमिकलवर बसवायचं असेल तर एकसारख्या जाडीत तासून आणलेलाच माल हवा. जाडी कमीजास्त असेल तर जाड थरात बसवून वरून घिसाई करावी लागते.

किती घ्यायचं? क्षेत्रफळ अधिक १० टक्के, तिरप्या मांडणीला १५. बारा चौरस मीटरच्या खोलीला १३.२, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ३७ फरश्या. ठळक शिरा जुळवायच्या असतील तर याहून जास्त वाया जातं.

पायरी ७: बसवताना डोकं थंड ठेवून बघायच्या गोष्टी

हा लेख निवडीचा आहे, पण चांगला दगड वाया जातो तो बहुधा इथेच.

खालचा काँक्रीटचा थर नवा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या. तीन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर आडवी धरून बघा. मोठ्या फरश्यांना तिच्याखाली ३ मिलिमीटरहून जास्त फट नसावी. खालची भेग तशीच ठेवली तर ती आज ना उद्या वर येते. नळ, पाइप, न्हाणीघरातलं पाणीरोधक काम, सगळं आधी तपासून घ्या.

मग कोरडी मांडणी. केमिकल-सिमेंट काही न लावता सगळ्या फरश्या खोलीत मांडा आणि दारात उभं राहून बघा. दोन भडक शिरा शेजारी आल्या असतील, एक पिवळट फरशी एकटीच उठून दिसत असेल, तर अदलाबदल करा. नावडती कपाटाखाली सरकवा. पटलं की खडूने क्रमांक घाला. मिस्त्री कुरकुर करतील, अर्धा दिवस जातो म्हणतील. जाऊ द्या. रंगाची निवड खऱ्या अर्थाने इथे होते.

पांढऱ्या आणि फिक्या दगडाखाली पांढरंच केमिकल वापरा. राखाडी सिमेंटची सावली वर दिसते. काही पांढऱ्या संगमरवरांत लोहाचे कण असतात, ते सतत ओले राहिले की गंजून पिवळे पडतात, म्हणून पाण्याची लयलूट नको. केमिकलचे चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबण्याची सवय सर्रास आहे. ती तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर खुर्चीचा पाय आला की फरशी तडकते. केमिकल जमिनीवर दातेरी थापीने पसरून फरशीच्या पाठीलाही हात मारायला हवा. पहिल्या काही फरश्यांपैकी एक, ओली असतानाच, उचलायला लावा. पाठ जवळजवळ सगळी माखलेली दिसली पाहिजे, ९५ टक्के. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशी नाण्याने ठोकत जा; पोकळ वाजली तर खाली पोकळी राहिली आहे.

बिनसांध्याची फरशी ही हौस आहे, फॅशन आहे आणि चूक आहे. दीड-दोन मिलिमीटरचा सांधा ठेवाच. भिंतीलगत ६ मिलिमीटर जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. मोठ्या जागेत दर ६ ते ७ मीटरला, आणि थेट उन्हात दर अडीच ते साडेतीन मीटरला लवचिक सांधा घाला. इमारतीच्या मूळ सांध्यावरून दगड बिनदिक्कत ओलांडून नेऊ नका.

कापणी पात्यावर पाणी सोडत करायला सांगा. ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट, वालुकाश्म यांच्या कोरड्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. कारागिराला मास्क हवा आणि तुमच्या मुलांना त्या खोलीत प्रवेश नको.

आणि शेवटच्या दिवशी घरी हजर राहा. सिमेंटचे पांढरे ओघळ काढायला कामगार सवयीने ॲसिडची बाटली काढतात. चुन्याच्या घराण्यातल्या फरशीचं महिनाभराचं काम त्या अर्ध्या तासात मातीमोल होतं.

पायरी ८: सीलर आणि रोजची देखभाल

सीलर दगड आणि सांधे पूर्ण सुकल्यावरच. आत मुरणारा घ्या, वर थर बसवणारा नको, तो सोलतो. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून रंग बदलतो का बघा. डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर जास्तीचा पुसून काढा, नाहीतर चिकट धुकं राहतं. पुढे वर्षातून एकदा चमचाभर पाण्याची परीक्षा करा. पाणी मुरायला लागलं की पुन्हा लावा.

रोज आधी कोरडा मऊ झाडू, मग ओलं पुसणं. उलट केलं तर वाळू फरशीभर घासली जाते. पाण्यात उदासीन पीएचचा, म्हणजे ७ च्या आसपासचा क्लीनर थोडासा. व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच या फरशीच्या आसपास नको. तेल सांडलं तर पसरवू नका, टिपून घ्या.

चुन्याच्या दगडाची एक मोठी सोय सांगायची राहिली. मऊ असल्यामुळे तो पुन्हा उजळता येतो. हिऱ्याच्या पॅडने ५० किंवा १०० पासून ३००० नंबरापर्यंत टप्प्याटप्प्याने घिसाई केली की फरशी नव्यासारखी निघते. आमचा लिंबाचा गोलही तसा जाईल. पण एकट्या गोलाची घिसाई केली तर ती जागा बाकीच्या फरशीहून जास्त चमकते, म्हणून अख्खं स्वयंपाकघर रिकामं करावं लागणार, आणि तेवढा उत्साह घरात अजून कुणाला आलेला नाही. दुसऱ्या वेळी गच्चीसाठी दगड घेतला तेव्हा मात्र भाजलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा आठवडाभर दारात पडून होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला अडखळत होता.

उरलेल्या फरश्यांपैकी पाच-सहा चांगल्या ठेवून द्या, उभ्या, लाकडी पट्ट्यांवर. प्रत्येकीच्या पाठीवर जाड मार्करने दगडाचं नाव, लॉट क्रमांक, खरेदीची तारीख, कुठल्या केमिकलवर बसवली आणि कोणता सीलर वापरला ते लिहा.